दाबा, थांबा, सोडा, बघा

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची नावं घ्यायची झाली, तर पहिलं नाव राजापूरच्या गोविंदराव सप्रे मास्तरांचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मास्तरांनी मला स्वतःच्या ओटीवर जागा दिली, कंदील दिला, इंग्रजी दिलं आणि मोठ्यांच्या पाया कसं पडायचं तेही शिकवलं. दोन्ही हात पुढे, डोकं खाली आणि डोळे मिटलेले. मास्तर म्हणत, "सदा, डोळे उघडे ठेवून केलेला नमस्कार म्हणजे नुसती कंबर वाकवणं."

हा धडा मी निष्ठेनं पाळला. मग बी. ए. होऊन मुंबईला आलो आणि माझी गाठ फणसवाडीतल्या दाजीसाहेब मानकरांशी पडली.

त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत मला भाड्यानं राहायचं होतं. ट्रंक खांद्यावर घेऊन मी जिना चढलो. दारात काळा कोट, पांढरं धोतर, पायांत मोजे अशा वेषात एक उंच, गोरे, साठीचे गृहस्थ उभे होते. मी ट्रंक खाली ठेवून वाकणार, एवढ्यात तेच वाकले. सरळ माझ्या पायांशी!

"अहो, हे काय! मी लहान आहे!" मी ओरडलो आणि मागे सरलो. पण त्यांनी माझा घोटा घट्ट पकडला होता. नडगीच्या खालच्या हाडावर अंगठा दाबून ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, मंत्र असावा. मग त्यांनी अंगठा उचलला, त्या जागेकडे निरखून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उठत जाहीर केलं, "कोरडा! ये आत."

ते पुटपुटणं मंत्र नव्हतं, हे मला पुढे कळलं. ते होतं, "दाबा, थांबा, सोडा, बघा." अंगठा उचलल्यावर कातडी लगेच वर आली तर माणूस कोरडा. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साचलंय.

दाजीसाहेबांच्या जगात माणसांच्या जाती तीनच होत्या. कोरडा, वारा आणि पाणी. कोरड्या माणसात त्यांना रस नसे. वारा म्हणजे ज्याचं पोट फुगतं तो. पाणी म्हणजे ज्याच्या अंगावर सूज येते तो. "वारा आवाज करतो, पदवीधर," ते मला म्हणत. माझं नाव सदाशिव आहे, पण त्यांनी मला कायम पदवीधरच म्हटलं. "वारा आवाज करतो, म्हणून त्याला भ्यायचं नाही. पाणी गप्प बसतं. त्याला भ्यायचं."

एके काळी अर्धी वाडी मानकरांची होती. त्यांच्या आजोबांच्या नावाचा दगड अजून वाडीच्या तोंडाशी आहे. त्यावर आता दूधवाला सायकल टेकवतो. दाजीसाहेबांच्या वाट्याला दोन खोल्या, एक गॅलरी आणि दारातून आत कसा आला असेल असा प्रश्न पडावा इतका मोठा शिसवी कोच आला होता. लग्न केलेलं नव्हतं. कारकुनी संपवून पेन्शनीत निघाले होते आणि दिवसभर लोकांच्या घोट्यांवर लक्ष ठेवून असत.

गंमत अशी की वाडीला या घोट्यांच्या तपासणीचं काही ठाऊक नव्हतं. वाडीला वाटे, दाजीसाहेबांइतका नम्र माणूस गिरगावात दुसरा नाही. दिसला म्हातारा की वाकले, दिसली म्हातारी की वाकले. आणि नुसतं शिवणं नाही, किती वेळ पाय धरून असतात! ओठ हलतात! समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी सुनेला ऐकवत, "बघ, संस्कार म्हणतात ते हे. तुम्ही मेल्या लांबूनच हवेत हात फिरवता." आजींनी आशीर्वाद पुरा करेपर्यंत दाजीसाहेबांनी दोन्ही पाय तपासलेले असत. सूज आढळली, तर दुसऱ्या दिवशी आजींच्या दाराशी त्यावरचा उतारा म्हणून दुधी भोपळा ठेवलेला सापडे. आजींना वाटे, आशीर्वादाची दक्षिणाच.

त्यांच्या स्वतःच्या पायांना मात्र कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. वाडीतली मुलं दिवाळीत नमस्काराला आली की ते पाय उचलून कोचावर घेत. "माझ्या पायांत बघण्यासारखं काही नाही," म्हणत आणि मुलांच्या हातावर अनारसे ठेवत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई कोणाची, यावर प्रत्येक घरात, प्रत्येक पंगतीत वाद चाले. मुंबई आमचीच यावर सगळ्यांचं एकमत होतं, तरीही वाद चाले. खालच्या मजल्यावरचे तात्या गोडबोले तर हातात घास घेऊन दिल्लीला प्रश्न विचारत. एकदा संध्याकाळी ते पोट धरून वर आले. चेहरा काळानिळा.

"दाजीसाहेब, पोट फुटतंय हो! जुलूम आहे नुसता!"

"कुणाचा? दिल्लीचा?"

"चेष्टा कसली करता! वाटाण्याची उसळ खाल्ली."

दाजीसाहेबांनी त्यांना कोचावर आडवं केलं आणि पोटावर बोटानं टिचकी मारली. डग्ग्यावर मारावी तसा आवाज आला. "वारा!" त्यांनी जाहीर केलं. मग ओवा आणि सुंठ घातलेलं गरम पाणी आलं, बेंबीभोवती हिंगाचा लेप लागला, गुडघे पोटाशी घेऊन डाव्या कुशीवर निजवणं झालं आणि शेवटी तात्यांना गॅलरीत येरझारा घालायला लावलं. थोड्याच वेळात गॅलरीतून असा काही आवाज आला की खालून कोणीतरी "झालाच पाहिजे!" म्हणून उत्तर दिलं.

"तात्या," दाजीसाहेब त्यांना पोचवताना म्हणाले, "उसळीचा दोष नाही. तुम्ही जेवताना भाषण करता. प्रत्येक वाक्याबरोबर तुम्ही वारा गिळता. मुंबई घ्या, बेळगाव घ्या, पण आधी घास गिळून घ्या."

चळवळीत त्यांचा स्वतःचा वाटा एवढाच होता. सकाळी प्रभातफेरी निघाली की हे शेवटच्या रांगेत ओव्याचा डबा घेऊन चालत.

वाडीत एक मोठे पुढारी भाषणाला आले, त्या दिवसाची आठवण अजून निघते. पुढारी जाडजूड होते. दोन सभा करून आले होते आणि तिसरी उभ्यानंच करणार होते. हारतुरे झाले. वाडीचा सर्वांत जुना रहिवासी म्हणून दाजीसाहेबांना पुढे बोलावलं. ते थेट पुढाऱ्यांच्या पायांशी वाकले. टाळ्यांचा कडकडाट झाला.  "अहो, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी माझे पाय धरावेत..." म्हणत पुढारी दाजीसाहेबांना खांद्याला धरून उठवू लागले. दाजीसाहेब उठेनात. दुसरा पाय राहिला होता. अखेर उठले आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "साहेब, थोडं पाणी आहे. मीठ कमी करा. आणि आज बसून बोला."

पुढाऱ्यांनी एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची मागवली आणि सबंध भाषण बसून केलं. दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते, काय साधेपणा, घरच्यासारखे बसून बोलले!

या सगळ्या शास्त्राचा खरा मार घरात आम्हाला बसे. आमच्याकडे स्वयंपाकाला घोडपदेवहून सोनूबाई येत. मालवणच्या. मिठाच्या बाबतीत त्यांचं आणि दाजीसाहेबांचं रोजचं युद्ध.

"दाजीनू, मिठाशिवाय आमटी म्हंजे न्हाणीतला पाणी! माका नाय जमाचा."

"सोनूबाई, कोकम टाका, जिरं भाजून टाका, लिंबू पिळा. चव येते."

"चव खंयसून येतली? तुमी पापड बंद केलास, लोणचा बंद केलास, सुक्या माशांचो बाजार दारात येवक देत नाय. हो पदवीधर बघा कसो सुकान गेलो!"

मी सुकलो नव्हतो, पण धने-जिऱ्याचं आणि सातूचं पाणी पिऊन कंटाळलो मात्र होतो. एकदा मी हे बोलून दाखवलं. तेव्हा दाजीसाहेबांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या मोठेपणाचं होतं. "हे बघ, दिवसभर उभं राहून किंवा उन्हानं पाय जड झाले, पाय उशीवर घेतले, मीठ कमी केलं आणि सकाळपर्यंत सूज उतरली, तर ते पाणी आपलं. दुधी, काकडी, सातू, काय हवं ते कर. पण सकाळीही खळगा राहिला आणि जिना चढताना धाप लागली, तर ते पाणी डॉक्टरचं. तिथं ज्यानं काढा उकळला त्यानं वेळ घालवला." असं म्हणून ते गॅलरीत निघून गेले. एरवी ते बोलणं असं अर्धवट सोडत नसत.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत सप्रे मास्तर माझ्याकडे आले. मी पत्रांतून किती दिवस आग्रह करत होतो. मुंबई दाखवीन, चौपाटीवरची सभा दाखवीन. मास्तर भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरले. हातात खारातल्या कैऱ्यांची बरणी. मी धक्क्यावरच त्यांच्या पाया पडलो. अर्थात डोळे मिटून.

घरी पोचल्यावर मास्तर कोचावर टेकले आणि व्हायचं तेच झालं. दाजीसाहेब वाकले.

"छे छे, आपण वयानं वडील!" मास्तर गडबडले.

"पण विद्येनं तुम्ही," दाजीसाहेब खालून म्हणाले आणि अंगठा दाबला. मी गालातल्या गालात हसत निकालाची वाट पाहत उभा होतो. पुटपुटणं झालं. अंगठा उचलला. त्यांनी दुसरा पाय घेतला. पुन्हा पहिला घेतला. मग ते उठले आणि म्हणाले, "प्रवासानं दमलात. पाय वर घेऊन बसा."

कोरडा नाही, वारा नाही, पाणी नाही. पहिल्यांदाच त्यांनी निकाल दिला नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "तुझे मास्तर जिना चढताना थांबले होते?"

"प्रत्येक मजल्यावर. सामान होतं ना."

"सामान कोणाच्या हातात होतं?"

सामान माझ्याच हातात होतं. मास्तरांकडे फक्त बरणी होती.

"आज रात्री पाय उशीवर. सकाळी पुन्हा बघू," दाजीसाहेब म्हणाले.

सकाळी त्यांनी मला बघायला लावलं. मास्तर झोपेत होते. मी अंगठा दाबला, उचलला. लोण्यात बोट रुतावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. ज्या पायांवर मी लहानपणापासून डोकं ठेवत आलो होतो, ते मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले.

पण मास्तर डॉक्टरचं नाव काढू देईनात. "बोटीत पाय लोंबकळत होते म्हणून सूज आहे. उतरेल. तुमचं ते धन्याचं पाणी द्या मला, पितो."

"माझं पाणी इथं चालायचं नाही," दाजीसाहेब म्हणाले. "हे डॉक्टरचं काम आहे."

"डॉक्टर म्हणजे तपासणी, तपासणी म्हणजे रजा. माझी शेवटची अकरावी आहे, दाजीसाहेब. परीक्षा झाली की मी निवृत्त. या मुलांना अर्ध्यावर टाकून मी मुंबईत पाय वर करून पडू? मी वर्गात खुर्चीसुद्धा ठेवत नाही."

"हे पाय पुढे तुम्हाला वर्गापर्यंत नेणार नाहीत."

"ते माझं मी बघेन."

मास्तरांचा आवाज चढला. मी घाबरून दोघांकडे पाहत होतो. मास्तरांना कोणी उलट बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी मला बोटीचं परतीचं तिकीट काढून आणायला सांगितलं. मी चपला घातल्या. तेवढ्यात दाजीसाहेब मास्तरांच्या समोर खाली जमिनीवर बसले. या वेळी त्यांनी पायांना हात लावला नाही.

"मास्तर, एक सांगतो. मग खुशाल जा. मी रोज सकाळी आईच्या पाया पडून कचेरीत जात असे. वाडीत माझा दाखला देत. अगदी मनोभावे, डोळे मिटून. तिचे पाय सुजत गेले ते माझ्या कपाळाखाली. ती बोलली नाही, मला कामाचा व्याप म्हणून. आणि मी डोळे मिटलेले. एक दिवस ती म्हणाली, चपला घट्ट होतात रे. मी नव्या चपला आणून दिल्या."

गॅलरीत सोनूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"त्या चपला घालून तिला जिना उतरता आला नाही. खुर्चीत बसवून उतरवली. परत वर चढली नाही." दाजीसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा पोरगा धक्क्यावर तुमच्या पाया पडला ना? डोळे मिटून पडला असणार. कारण तुम्ही शिकवलंयत. त्याला माझ्यासारखं नव्या चपला आणायला लावू नका."

 मास्तरांनी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. म्हणाले, "सदा, घातल्यासच आहेस तर टॅक्सी आण. कुठला डॉक्टर म्हणालात, दाजीसाहेब?"

"ठाकुरद्वारच्या नाक्यावर. आणि मास्तर, ती खारातली कैरी..."

"ती मी सोडणार नाही."

"अर्धी?"

"दाजीसाहेब, डॉक्टरकडे येतोय, तेवढं पुरे."

सोनूबाईंनी मधेच उठून बरणी उचलली आणि पदराआड धरली. "ही मी घोडपदेवाक नेतंय. मगे भांडण नाय, तंटो नाय." मिठाच्या बाबतीत त्या दाजीसाहेबांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, त्या तेवढ्या एकदाच.

हृदय थकलं आहे, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आलात, म्हणाले. औषधं दिली, मीठ तोडलं. सुट्टीभर मास्तर शिसवी कोचावर पाय वर घेऊन पडून होते. सकाळ-संध्याकाळ दाजीसाहेब अंगठा दाबत. रोज खळगा थोडा थोडा उथळ होत गेला. डॉक्टरांनी शाळेत जायला परवानगी दिली ती एका अटीवर, वर्गात खुर्ची हवी. मास्तर हिरमुसले. तेव्हा दाजीसाहेबांनी त्यांना बसून भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांची गोष्ट सांगितली. मास्तर इतके हसले की दाजीसाहेबांना पुन्हा त्यांची धाप मोजावी लागली.

निघताना धक्क्यावर दाजीसाहेब शेवटचे वाकले. भोवतालचे चाकरमानी त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत राहिले. एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. "कोरडा!" दाजीसाहेब बोटीच्या भोंग्याच्याही वर ओरडले. त्या बाईंना काही कळलं नाही.

पुढे राज्य झालं. मुंबईसह झालं. त्यानंतर दोन दिवसांनी मी मास्तरांना जे पत्र लिहिलं, ते असं :

गुरुवर्य मास्तरांस,

सदाशिवाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपलं पत्र पोचलं. अकरावीची मुलं परीक्षेला बसली आणि आपण शेवटपर्यंत खुर्ची सोडली नाहीत, हे वाचून दाजीसाहेबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि सोनूबाईंना वाचून दाखवलं. सोनूबाई विचारतात, कैरीची आठवण येते का. आपल्या बरणीत त्यांनी आता ओवा भरून ठेवला आहे. औषध चुकवू नये आणि महिनाअखेर तिथल्या डॉक्टरांना दाखवावं. आपण इथं पाहिलंत तसं घरी काकूंना रोज संध्याकाळी अंगठा दाबून बघायला सांगावं.

इथं राज्याचा आनंद फार मोठा झाला. वाडीत दिवे लावले होते, पेढे वाटले. तात्या गोडबोल्यांनी पेढा तोंडात ठेवून भाषण केलं, त्याचे परिणाम संध्याकाळी झाले. सगळे एकमेकांच्या पाया पडत होते. मी वर आलो. दाजीसाहेब एकटेच कोचावर बसून खालचे दिवे बघत होते. मी त्यांच्यापुढे वाकलो. नेहमीप्रमाणे त्यांनी पाय वर घेतले आणि म्हणाले, माझ्या पायांत बघण्यासारखं काही नाही.

मास्तर, मी त्यांचा पाय धरला आणि मोजा उतरवला. ते रागावतील असं वाटलं होतं. मी डोळे मिटले नाहीत, याबद्दल आपण मला क्षमा करालच. दाबलं, थांबलो, सोडलं, बघितलं. कातडी लगेच वर आली. मी मोठ्यानं म्हटलं, "कोरडा!"

 मी मोजा परत चढवायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "पदवीधर, दुसरा पाय राहिला."

आपला आज्ञाधारक,
सदा